२ जण पाहत आहेत

उल्काच्या माहेरी, राजापूरच्या पुढे, देवीच्या देवळासमोर कॅमेरा लावला आहे. मुंबईकरांना घरबसल्या दर्शन व्हावं म्हणून. जत्रेला खूप लोक बघतात, एरवी दुपारी कोणी नसतं. अंगण, फणसाची सावली, एखादं कुत्रं. उल्का रोज जेवणं झाल्यावर तेच बघत पडायची. ती तिच्या फोनवर, मी माझ्या. खाली लिहून यायचं, "२ जण पाहत आहेत". ती म्हणायची, "हे आपण."

ती श्रावणात गेली. तेव्हापासून मी दोन्ही फोन लावतो. तिचा चार्जरला लावून तिच्या उशीवर, माझा हातात. आकडा दोन दिसला की मला झोप लागते.

हवाई दलातून निवृत्त झालो, इथे लखनऊला तेलीबागेत घर बांधलं. ते गाव तिचं, माझं नाही. पण आता डोळे मिटले की तेच अंगण दिसतं. जानेवारीत इथे खिडकीबाहेर धुकं असतं आणि फोनमध्ये ऊन. कावळा ओरडला तर इथला की तिथला, कळत नाही. मी रजई घेऊन त्या उन्हात पडतो. वाटतं, कॅमेरा पोचत नाही तिथे, विहिरीवर ती गेली आहे. येईल.

परवा मुलगी आली, रुचा, नोएडाहून. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी.

"बाबा, मम्मी का फोन कितना गरम है! देखो, पीछे से फूल गया है. फटेगा ये."

"राहू दे. चालू आहे."

"इसपे कौन देख रहा है?"

तिने चार्जर काढला, फोन बंद केला. थोड्या वेळाने माझ्या फोनवरचा आकडा बदलला. एक.

"बघ," मी म्हणालो, "एकटाच राहिलो."

तिने आकडा पाहिला, मग उशी पाहिली. "यार बाबा," एवढंच म्हणाली. मग माझ्या रजईत पाय घालून शेजारी बसली. पाय गारठलेले होते.

"दिखाओ. करते क्या थे तुम लोग इसमें?"

"काही नाही. बघायचं."

आम्ही बघत बसलो. सावली एक पायरी उतरली. रुचाचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं ती झोपली. इतक्यात ती ताडकन उठली.

"बाबा, गाय! केले के पत्ते खा रही है!"

मंडपाच्या खांबाला बांधलेली केळ गाय खरंच ओढत होती.

"मामाला फोन लाव. तुझी आई हेच करायची."

उल्काचा भाऊ शिवाजी देवळाला लागूनच राहतो. रुचाने फोन लावला.

"मामा, मंदिरात गाय आला आहे. जल्दी!"

"कोण गो?"

"रुचा. लखनऊ से."

"च्यायला! आणि मी इथे आडवा पडलोय!"

फोनवर त्याचं हाट् हाट् ऐकू आलं. पडद्यावर मात्र गाय निवांत खातच होती. चित्र तिथून इथवर यायला जरा वेळ लागतो. मग लुंगी सावरत शिवाजी अंगणात शिरला.

"गेली," तो धापा टाकत फोनवर म्हणाला. "कोण कोण बघताय रे?"

रुचाने माझ्याकडे पाहिलं.

"दोघं," ती म्हणाली, मराठीत.

पडद्यावरचा शिवाजी अजून गाईच्या मागे धावत होता.