खालचं माहेर

शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वर तुपाची धार असं ताट झाकून रंजना जिना उतरायला लागली, की मागून सासूची हाक यायचीच.

"रंजना, बाळंतिणीकडं घालायचा गाऊन खालीच ठेवलास न्हवं?"

"हौ, आत्या. जिन्याखालीच हाय."

"आणि येताना आंघोळ. नुसतं पायावर पाणी घेऊन येऊ नको. देवी बसलीय."

वरच्या हॉलमध्ये घट बसला होता. पत्रावळीवरच्या काळ्या मातीतून गव्हाचे पिवळट कोंब वर आले होते, माळा लोंबत होत्या आणि काचेच्या आड नंदादीप तेवत होता. गच्चीचा जिना त्याच हॉलमधून वर जायचा. खालून येणाऱ्याला दुसरी वाट नव्हती. म्हणजे वर यायचं तर देवीसमोरूनच.

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या त्या गल्लीत घरं अशीच आहेत. वर मालक, खाली भाड्याचं पोर्शन, बाहेरून लोखंडी कठड्याचा जिना आणि मागं नाला. या घरातलं खालचं पोर्शन दोन महिने रिकामं होतं. आता तिथं प्रियदर्शिनी होती, धाकटी सून, रंजनाची जाऊ, पोटावर ताजे टाके आणि कुशीत आठवड्याचीही न झालेली मुलगी.

बाळंतपण दसऱ्यानंतर होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाळानं कुणाचं ऐकलं नाही. घटस्थापना दोन दिवसांवर असताना सिझर करावं लागलं. सोयर आलं की घट बसत नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत. पण सासूबाईंना, तारामतीबाईंना, घट चुकवायचा नव्हता. एका वर्षी चुलतघरचं सुतक आलं, घट बसला नाही, आणि त्याच दिवाळीत त्यांच्या नवऱ्याची, प्रतापरावांची, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ते आतल्या खाटेवरच होते, बोलणं तोंडातल्या तोंडात. नवऱ्याला भरवताना, पुसताना, कूस बदलताना त्या बाईनं मनाशी गाठ मारली होती की आता काही झालं तरी देवी बसणार.

मग त्यांनीच तोड काढली. चूल वेगळी, उंबरा वेगळा, तर घर वेगळं. बाळंतीण माहेरी गेली असं समजायचं. भावकीत फोनवर सांगूनही झालं, "प्रिया माहेरी हाय." प्रियाची आई तिच्या लहानपणीच गेली होती, वडील नांदेडला भावाच्या आधारानं राहत होते. माहेर असं तिला नव्हतंच. ते आता सासरच्यांनी जिन्याखाली काढून दिलं. ओमकार, तिचा नवरा, नोकरीतला शिकलेला मुलगा, "आईच्या मनासारखं होऊ दे, चार दिवसांचा प्रश्न आहे" म्हणाला आणि मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

"या, अक्का, या," प्रिया खाटेवरून हसली. "माझ्या माहेरी पाव्हणे आले."

"माहेर लई झ्याक हाय तुझं. जाळी, कोळी, झुरळं."

"गरीब हाय हो माझं माहेर. भाडेकरूनं स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनबी काढून नेला, बगा ना. रात्री त्या भोकातून मांजर येऊन बसतं. मीच म्हणलं, बस बाई, तेवढीच सोबत."

रंजनानं बाळाला मांडीवर घेतलं. तिचा तेजस दीड वर्षाचा, अजून अंगावर पिणारा. बाळाचा वास आला की तिची छाती आपोआप भरून यायची. तिनं टाळूवर तेल जिरवलं, ओव्याची धुरी दिली, प्रियाच्या पाठीला शेकलं.

"अक्का, वर कोंब केवढे झाले?"

"बोटाएवढे."

"मला बघायचे होते." एवढं बोलून ती भाकरी मोडायला लागली.

दुपारी आभाळ फुटलं. हैदराबादला हा पाऊस ठाऊक आहे. दसऱ्याच्या तोंडावर येतो आणि अख्खं शहर गळ्यापर्यंत बुडवून जातो. तासाभरात गल्लीतून रिक्षा दिसेनात. समोरच्या मेकॅनिकनं, खाजाभाईनं, दुकानातल्या गाड्या ओढून ओट्यावर घेतल्या. दिलीपचा, रंजनाच्या नवऱ्याचा फोन आला. दिलसुखनगरला त्याच्या पुस्तकाच्या दुकानात पाणी शिरलं होतं, तो निघू शकत नव्हता.

चारच्या सुमारास रंजना कठड्यावरून वाकली. खालच्या अंगणात चिखलाचं पाणी गोल फिरत होतं. ती तेजसला हॉलमध्ये ठेवून धावत खाली उतरली, आधी मीटरजवळचा मेन स्विच पाडला, मग दार ढकललं. फरशीवर घोट्याएवढं पाणी. प्रिया बाळाला दुपट्यात गुंडाळून, एक हात पोटावर धरून उभीच होती.

"चल. वर चल."

जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर दोघी आल्या असतील. वर तारामतीबाई दारात उभ्या. त्यांनी वाट अडवली नव्हती. नुसता हात पुढं केला होता.

"ठैर. ठैर जरा."

"आत्या, पाणी शिरलंय आत."

"दिसायलंय मला. दरसाल शिरतंय. घोट्याएवढं येतंय आणि जातंय. खाटंखाली विटा लाव, वर बसव तिला."

"तिचे टाके ओले आहेत. पावसात किती वेळ उभी करू?"

"म्हणून तर म्हणते, आत ने. रंजना, पाचवी माळ हाय आज. आतल्या माणसाकडं बघ एकदा. त्या वर्षी काय झालं ते तू नव्हतीस बघायला, मी होते. माझ्या हातानं पुन्हा नक्को." त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "मी गुरुजींना विचारते. ते हौ म्हणले की घेऊ. दोन मिनिटं."

आतून प्रतापरावांचा आवाज आला. "घ्या… घ्या…" असं काहीतरी. त्यांना पाणी हवं असेल असं वाटून कुणी वळून पाहिलं नाही.

प्रियानंच निकाल लावला. तिला सासूला पेचात धरवेना. "जाऊ द्या, अक्का. मी बसते खाटंवर. आत्याबाई विचारतायत ना." आणि ती कठडा धरून, एकेक पायरी खाली उतरून, परत आत गेली. रंजनानं गल्लीतल्या विटा आणल्या, खाट उचलली, बाळाला उशाशी दिलं. "मी इथंच जिन्यावर हाय," म्हणाली.

ती खरंच जिन्यावर होती. मधल्या पायरीवर. वर तारामतीबाई जामबागच्या गुरुजींना फोन लावत होत्या. लागत नव्हता. पुन्हा लावत होत्या. खाली पाणी घोट्यावरून पोटरीवर चढत होतं. रंजना एकदा वर पाहायची, एकदा खाली. शिकलेली मुलगी, बी.एस्सी. झालेली. कुणाच्या तरी होकाराची वाट बघत, भिजत उभी राहिली.

आणि नाल्याच्या कडेची मागची भिंत गेली.

आवाज मोठा नव्हता. पोतं आपटावं तसा. मग नाला मागच्या दारातून सरळ घरात आला. घरच्यांनी तिथं टाकलेला जुना फ्रिज उचलला गेला, फिरला आणि पुढच्या दाराला आडवा बसला. दार आत उघडणारं. रंजनानं खांदा लावला, लाथा मारल्या. दार हललं नाही.

"प्रिया! प्रिया!"

आवाज वरून आला, भलत्याच बाजूनं. जिन्याला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीत, छताजवळ, फॅनचं रिकामं भोक होतं. रंजना धावत वर चढली आणि त्या भोकाशी वाकली. आत प्रिया ओट्यावर उभी होती. पाणी तिच्या मांड्यांना लागलं होतं, गाऊन खालून लाल झाला होता.

"अक्का, बाळ घ्या."

"दे. डोकं आधी, सांभाळून. मान धर, मान."

दुपट्यातलं ते ऊन ऊन गाठोडं भोकातून बाहेर आलं. सिमेंटच्या कडेला कपाळ किंचित खरचटलं. बाळ रडलं, आणि ते रडणं ऐकून दोघींच्याही तोंडून एकदमच "हां" निघालं. मोठ्या माणसाचे खांदे जाणार नाहीत एवढं ते भोक. प्रियाचा हात तेवढा बाहेर राहिला होता. बाळ एका हातात घेऊन रंजनानं तो धरला.

"खाजाभाई! खाजाभाई!"

खाजाभाई छातीएवढ्या पाण्यातून दोरी धरून आला, हातात पहार. "भाभी, बच्ची कू ऊपर लेके जाओ! मैं देखतूँ!" त्यानं दारावर पहार घातली. "अय्यो, पानी दबा रा दरवाजे कू, नै खुलरा!"

"वर घ्या तिला! वर घ्या गं!" तारामतीबाई आता अनवाणी जिन्यावर उतरल्या होत्या, पदर सुटलेला, हातात फोन तसाच. "घट गेला तर जाऊ दे! प्रिया! ए पोरी, वर ये!"

वर यायला आता वाट नव्हती.

"अक्का," प्रिया भोकातून बोलली. आवाज शांत होता, थंडीनं जीभ जड झालेली. "तिला दूध पाजा. दुपारपास्नं पिली नाही."

"तूच पाजशील. दार उघडतंय बघ. बोल माझ्याशी. बोलत राहा."

"हौ," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती तिची बोटं बोलत होती. रंजनानं दाबलं की तीही दाबायची. एकदा दाबलं, तिकडून काही आलं नाही.

दार फुटलं तेव्हा खाजाभाईनं आणि गल्लीतल्या दोघांनी तिला खांद्यावर घालून जिना चढवला. उंबरा ओलांडला, हॉलमध्ये आणली, घटासमोरच्या सतरंजीवर ठेवली. कुणी विचारलं नाही, कुणी हात पुढं केला नाही. छाती दाबून झाली, तोंडानं श्वास देऊन झाला. बाळंतीण देवीसमोर पोचली होती, एवढंच. काचेआड दिवा जळत होता.

तेव्हाच तारामतीबाईंच्या हातातला फोन वाजला. त्या नुसत्या बघत राहिल्या. रंजनानं तो घेतला.

"हां, ताई, गुरुजी बोलतोय. लाइटच नव्हते, आता बघितलं, किती मिस्ड कॉल! काय झालं?"

"विचारायचं होतं," रंजना म्हणाली. "खाली पाणी शिरलं होतं. बाळंतीण वर घ्यायची का."

"अहो, मग घ्या की! जिवाच्या वेळेला कसलं सोयर? हे विचारायचं असतं का?"

रंजनानं फोन बंद केला. गुरुजींचा राग तिला आला नाही. त्यांनी नको म्हटलं असतं तर? तर काय आपण सगळ्यांनी ऐकलं असतं? ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, ओला पदर बाजूला केला आणि त्या भरलेल्या हॉलमध्ये, पुरुषमाणसांसमोर, बाळाला छातीशी घेतलं. बाळ आधी तोंड फिरवत राहिलं, मग ओढायला लागलं. बाजूला तेजस डोळे विस्फारून बसला होता.

पाणी उतरलं, ओमकार आला, माती झाली. ओमकार मान खाली घालून बसून होता. भावकी जमली. प्रतापरावांची बहीण, इंदुताई, नांदेडहून आल्या आणि येताच हॉलचा ताबा घेऊन बसल्या. "सोयरात सुतक आलं. कोणतं किती धरायचं ते गुरुजींना विचारून घ्या," असं त्या म्हणाल्या, आणि रंजनानं पहिल्यांदा त्यांच्याकडं असं पाहिलं की त्या गप्प बसल्या. पण थोड्या वेळानं पुन्हा, बाळाकडं बघत, "आईला खाऊन आली बाई," म्हणाल्याच.

"ती कुणाला खाऊन नाही आली, आत्याबाई," रंजना म्हणाली. "तिच्या आईला कुणी खाल्लं ते मला माहीत आहे."

चौथ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. सब-इन्स्पेक्टर तरुण होता, बूट दाराबाहेर काढून आत आला. वर-खाली बघून त्यानं सरळच विचारलं, "ऊपर तो सूखा था. डिलिव्हरी वाली औरत नीचे कायकू थी?"

दिलीपनं घसा साफ केला. काय सांगायचं ते घरात आदल्या रात्रीच ठरलं होतं. "मायके से आयी थी साब. आराम करने नीचे सोयी थी. अचानक पीछे की दीवार गिरी. पाणी एकदम आया. कोई क्या करता."

हवालदार लिहायला लागला.

रंजनाच्या मांडीवर बाळ झोपलं होतं, कपाळावरचा ओरखडा सुकत आला होता. हे बाळ मोठं होईल, एक दिवस विचारेल. तेव्हा भिंतीचं नाव सांगायचं? या गल्लीत, या शहरात, इकडं आणि तिकडं महाराष्ट्रातही किती घरांत आजही कुणीतरी वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटात, पायरीखाली बसलेलं असेल, आणि वरची माणसं कुणाला तरी फोन लावत असतील.

"दीवार बाद में गिरी, साब," ती म्हणाली.

हवालदाराचा हात थांबला. "रंजना, गप," दिलीप म्हणाला. इंदुताई कुजबुजल्या, "घरच्या अब्रूचं तरी बघ."

"दीवार बाद में गिरी. उसके पहले वो सीढ़ी पे आयी थी, बच्ची कू लेके. हम ऊपर नहीं लिये. घर में देवी बैठी थी, इसलिए."

मग आतल्या दारातून तारामतीबाई आल्या. चार दिवसांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. भिंतीला हात लावत त्या सब-इन्स्पेक्टरसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मराठीतच बोलल्या, जणू त्याला समजणारच.

"हम नव्हं, साहेब. मी. मी नक्को म्हणले. माझं नाव लिवा. तारामती."

ओमकारनं पहिल्यांदा मान वर केली. आईकडं पाहिलं, मग खाली घातली.

इन्स्पेक्टर रंजनाकडं वळला. त्याला वाटलं असेल, सूनबाई आता समाधानानं रडेल. ती बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होती.

"और मैं सुनी, साब," ती म्हणाली. "बीच की सीढ़ी पे खड़ी होके. ये भी लिखो."