तीन टोले

टण्!

दुपारच्या निजलेल्या घरात माझं झाकण फरशीवर पडलं. निकिताने ते उचलून फ्रॉकला पुसलं, उलटंसुलटं पाहिलं. "आई, पोचा नाही आला गं!" तरी तिची आई, माझी शकूताई, धावतच आली.

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, पण डाळतांदळाचा नव्हे. निकेल-लोखंडाच्या पत्र्याचे, एकात एक बसणारे तीन डबे मिळून मी झालो. खडकात लाखो वर्षांपूर्वीचं पुसटसं चुंबकत्व उरलेलं असतं. ते मोजायचं तर पृथ्वीचं, लिफ्टचं, रस्त्यावरच्या बसचं चुंबकत्व लांब ठेवावं लागतं. मी ते माझ्या भिंतींतून बाहेरच्या बाहेर वळवतो. आत सगळं शांत.

मैत्रिणी आयटीच्या नोकरीसाठी हिंजवडीच्या बसमध्ये चढू लागल्या, तेव्हा शकूताई धायरीला पत्राकाम करणाऱ्या हिंमतरावांच्या वर्कशॉपात बसून माझे पुठ्ठ्याचे नमुने कापत होती. दोन डब्यांत फट किती ठेवायची, एवढ्यावर तिच्या पाच वह्या भरल्या. सोमवारी चाचणी होती. जमलं नाही तर ताईची खडक तपासणारी प्रयोगशाळा परदेशी डबा मागवणार आणि ताईचं काम सुटणार.

चुंबकत्व वळवायची ताकद भाजल्यावरच येते, म्हणून भोसरीच्या भट्टीत भाजून मी परत आलो. शनिवारी ताईने आत चुंबकत्वाचं मापक ठेवलं. काटा थरथरतच राहिला; बाहेरचं चुंबकत्व आत शिरत होतं.

"असं कसं? झाकण तर फस्कलास बसलंय," हिंमतराव म्हणाले. "जरा घट्ट होतं, तर तीन टोले दिले. लाकडी हातोडीचे हो!"

ताईने मापक बाहेर काढलं. भाजल्यावर मला धक्का सोसत नाही. वरून दिसत नाही, पण आतली घडी विस्कटते.

"काका, हे मीच सांगायला हवं होतं," ती एवढंच म्हणाली.

हिंमतरावांनी मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि रिक्षा केली. "खड्डे चुकव रे, लेकरू हाय मांडीवर."

"कुठंय लेकरू?"

"तू म्होरं बघ!"

रविवारभर मी पुन्हा भट्टीत होतो. सोमवारी काटा जागचा हलला नाही. मग ताईने आत खडकाचा तुकडा ठेवला, आणि काटा हलकेच सरकला. हिंमतरावांनी टोपी काढून डोळे पुसले.

पुढे खूप वर्षं राबलो. नवा डबा आला, तसा मी जिन्याखाली गेलो. तिथून ताईने घरी आणलं. मित्रांनो, पोचा दिसत नाही म्हणून लागलंच नाही, असं समजू नका. जपून ठेवा आम्हाला.

आज झाकण पडल्यावर ताईने ही सगळी गोष्ट निकिताला सांगितली. हिंमतराव आता नाहीत. वर्कशॉपच्या जागी इमारत आहे, भट्टीही केव्हाच विझली.

निकिताने मला दुपट्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आई, मग आता याला बरं करायला कुठे न्यायचं?"