डोकं फिरलंय... कुणावर?

मी इस्त्री बोलतेय. कोळशाची, सात किलोची, लाकडी मुठीची. कोर्टाच्या कपाटात लाखेचं सील लावून मला ठेवलंय. इथे मला 'मुद्देमाल' म्हणतात. दुकानात मला 'बाईसाहेब' म्हणायचे!

दुकान दोघा भावांचं. थोरला गिऱ्हाईकं सांभाळायचा, घड्या घालायचा. धाकटा मला चालवायचा. ओलं बोट टेकवून चर्र झालं की म्हणायचा, "बाईसाहेब तापल्या." चौदा वर्षांत त्यानं एक कॉलर जाळली नाही. असा हात मिळायला नशीब लागतं.

मग तो हात बदलला. एकच बाही दहादा दाबायचा. रिकाम्या खिशातून कुणीतरी बोलतंय म्हणून खिसे उलटे करून बघायचा. मूठ घामानं ओली व्हायची. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे?

एका दुपारी तो म्हणाला, "दादा, माझं डोकं फिरलंय रे."

"कुणावर?" दादानं चादरीची घडी घालता घालता विचारलं.

"कुणावर नाही. नुसतंच फिरलंय."

"मग चहा घे, उतरेल," म्हणून दादा हसला. खरं सांगते, मलाही हसू आलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं मला उचललं. मला वाटलं, कोळसे भरतोय. दादा खाली वाकून गाठोडं सोडत होता. माझ्या पोटात एकही निखारा नव्हता हो! थंड असताना माझ्या हातून कुणाचं वाईट होईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि नंतर त्यानं मला रोजच्यासारखंच जपून तिवईवर ठेवलं. म्हणाला, "दादा, ऊठ ना, गिऱ्हाईक आलंय."

दादा वाचला, एक डोळा गेला. दादाची बायको, धाकट्याची वहिनी, कोर्टात सगळ्यांदेखत म्हणाली, "आजारी होता, तर भिंतीवर डोकं आपटायचं. भाऊच बरा सापडला?" तिला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वार झाला तो माझ्याच टोकानं.

दादाची साक्ष होती तेव्हा मी समोर टेबलावर होते. सरकारी वकिलांनी विचारलं, "डोकं फिरलंय म्हणाला, म्हणजे रागात होता ना?"

धाकट्याचा वकील ताडकन उठला. "म्हणजे वेडाच्या भरात होता!"

न्यायाधीशबाईंनी दोघांना बसवलं. "तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

दादा माझ्याकडेच बघत म्हणाला, "वाईट की आजारी, ते मला नाही कळत, बाई. एका डोळ्यानं बघतो तेव्हा राग येतो. तो लहानपणीचा आठवला की रडू येतं. पण चूक माझीपण झाली. मी विचारलं, कुणावर? 'कधीपासून' असं विचारायला हवं होतं."

तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून धाकट्याचा आवाज आला, अगदी दुकानातल्यासारखा.

"शाळेच्या गणवेशांचा ढीग आला होता ना, दादा? तेव्हापासून."

त्या दुपारी तो दादाशी बोलला, तेव्हा गणवेश येऊन चार महिने झाले होते. चार महिने!

निकाल लागेल तो लागेल. मी काही पुन्हा दुकानात जायची नाही. तुमच्या घरी कुणी 'डोकं फिरलंय' म्हणालं, तर हातातली घडी जरा बाजूला ठेवा, एवढंच.