अंगठा

महाडच्या आमच्या हॉस्पिटलात कुणी पडत नाही. पडलेले येतात. हे मॅनेजर सुनील सरांचं धोरण. त्यामुळे पाण्याच्या कूलरखालून रॅम्पवर येणारा ओघळही कुणी पुसत नाही.

चंद्रभागा मावशी, वरच्या वॉर्डातल्या आया, त्याच रॅम्पवर बेडपॅनसकट आपटल्या. बेडपॅनला काही झालं नाही. मावशींचं उजवं मनगट चमच्यासारखं वाकलं. मी त्यांना एक्स-रे खोलीत आणलं. तिथला टेक्निशियन मीच. मागोमाग सर आले.

"पडलात कुठे, मावशी?"

"हितंच की. रॅम्पावर."

"ड्यूटी संपवून घरी जाताना पडले, असं म्हणा ना."

"घर पोलादपूरला हाय. रॅम्प हितं हाय."

सर माझ्याकडे वळले. "साहिल, आधी यांचं पंच आउट. मग एक्स-रे."

मावशी कंत्राटी. ड्यूटीवर पडल्या तर प्लास्टर निघेपर्यंतचा पगार द्यायचा आणि जागा राखायची. ड्यूटीनंतर पडल्या तर हात त्यांचा, आणि उद्यापासून आया दुसरी. म्हणून त्या हजेरीच्या मशीनजवळ जाईनात. मग सरांनी मशीनच भिंतीवरून उतरवून आणलं, औषधांच्या ट्रेमध्ये ठेवून.

नोंद उजव्या अंगठ्याची; सरांनी तो धरून टेकवला, पण मशीनला ओळखू येईना, इतका सुजला होता. सरांनी लगेच बर्फ मागवला. मनगटाला नव्हे, अंगठ्याला. मावशींवर झालेला हा पहिला उपचार.

"बरं वाटतंय," मावशी म्हणाल्या. "पन अंगठा नाय देनार."

"म्हणजे तुम्ही अजून ड्यूटीवर?"

"हाय."

"मग वरच्या आजोबांना बेडपॅन द्या. कधीचे मागतायत."

मावशी उठल्या. डाव्या हातात बेडपॅन घेऊन निघाल्या, त्याच रॅम्पवरून. "मावशी, थांबा!" म्हणत मी मागे धावलो. त्या नीट वर पोचल्या. मी पोचलो नाही.

कोपरात काहीतरी कट्कन वाजलं. एक्स-रे काढणारा मी एकटाच, त्यामुळे काय मोडलं ते कळायला मार्ग नव्हता.

"सर," मावशी वरून ओरडल्या, "ह्यो पोरगा कुठं पडला?"

सर ओल्या फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहिल, तुझं कंत्राट कधी संपतंय रे?"

मावशी भिंत धरत खाली आल्या आणि माझ्या शेजारी ओल्यातच बसल्या. सरांनी मशीन पुढे धरलं. मी अंगठा मुठीत घातला. मावशींनीही घातला, मोडक्या हाताचा. फार दुखलं त्यांना. ओठ पांढरे पडले, पण मूठ सोडली नाही.