पाठीमागची मूठ

लिओ सालाझारने ग्लव्ह बाकावर टाकला आणि वेंडेल क्रूपच्या मांडीला मांडी लावून बसला. बाक निम्मा रिकामा होता. वेंडेल कॅचरची पॅडं सोडवत होता. त्याने मान वर केली नाही.

"कॅपची मूठ खोटी बोलते," लिओ पुटपुटला.

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. त्याने मूठ दाखवली, मी उजवीकडे सरकलो. चेंडू आला वळणारा आणि गेला माझ्या डावीकडून. ह्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा."

"तूच नीट पाहिलं नसशील."

"चार वर्षं त्या पाठीकडे बघतोय मी. बायकोकडे तेवढं बघितलं नसेल."

बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, काय टाकायचं ते त्याच्यासमोर बसलेला कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं धरून सांगतो. एक बोट म्हणजे सरळ वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. ती बोटं पिचरला दिसतात आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपला दिसतात. त्याच्याही पलीकडे, लांब सेंटरफील्डात उभ्या असलेल्या लिओला ती दिसणं शक्य नाही. म्हणून शॉर्टस्टॉप आपला मोकळा हात पाठीमागे नेतो आणि त्याला खूण करतो. ॲलरिजच्या संघात मूठ म्हणजे सरळ आणि उघडा पंजा म्हणजे वळणारा. त्या खुणेच्या भरवशावर सेंटरफील्डर आधीच अर्धं पाऊल सरकून ठेवतो, आणि तेवढ्या अर्ध्या पावलावर सामने जातात.

ॲलरिजचा शॉर्टस्टॉप आणि कप्तान, म्हणजे सगळ्यांचा 'कॅप', होता डेल्मर स्टाइल्स. त्याला वगळलं तर ॲलरिजचा संघ म्हणजे कागद गिरणीच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी घातलेला धुडगूस, असं प्रतिस्पर्धी वॉर्टनचे लोक म्हणत, आणि ॲलरिजकरांनाही ते मनातून पटत असे. तो बॅट घेऊन निघाला की स्टँडमधले लोक सॉसेज खायचे थांबत. तो तापट होता. खेळाडूंच्या बाकाशेजारचं पाण्याचं पिंप त्याने दोनदा बॅटने फोडलं होतं. एकदा हरल्यावर बसमध्ये हसणाऱ्या नव्या पिचरला त्याने गावाच्या वेशीवर उतरवलं आणि मैदानापर्यंत चालायला लावलं. स्वतःही त्याच्याबरोबर चालत आला, पण ती गोष्ट सांगताना लोक एवढं नेमकं विसरतात. वेंडेलचा अंगठा मोडला होता तेव्हा रोज सामन्याआधी त्यावर चिकटपट्टी गुंडाळायला डेल्मरच बसायचा, शिव्या देत देत, पण हात मात्र आईसारखा हलका. वेंडेल आज कॅचर होता तो त्या माणसामुळे. त्याच्याविषयी असलं काही ऐकणंही त्याला पाप वाटत होतं.

पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते उतरत नाही. वॉर्टनविरुद्धचा हा दुसरा सामना ॲलरिज हरलं. पहिला जिंकला होता, म्हणजे उद्या, रविवारी जो जिंकेल तो लीगचा विजेता. वॉर्टनचा मॅनेजर होता मॅगन, तरुणपणी डेल्मरबरोबर पाच वर्षं एका खोलीत राहिलेला. पुढच्या वर्षी मॅगन निवृत्त होणार आणि त्याची खुर्ची रिकामी होणार, हे साऱ्या लीगला ठाऊक होतं. डेल्मर सदतीस वर्षांचा होता. ह्या वयात शॉर्टस्टॉपला पुढच्या वर्षाची काळजी पडलेली असतेच.

त्या संध्याकाळी वेंडेल घरी जाताना हॉटेलवरून गेला आणि खिडकीपाशी त्याचे पाय थबकले. आत मॅगन आणि डेल्मर एकाच टेबलावर होते. मॅगनच्या हातात एक जाड कागद होता आणि तो त्यावरून बोट फिरवत वाचून दाखवत होता. डेल्मर कान देऊन ऐकत होता, अधूनमधून मान हलवत होता. शेवटी तो काहीतरी बोलला आणि मॅगनने हसून कागद मिटला. ठरलं, असं वेंडेलच्या मनात आलं.

मग त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. डेल्मर हल्ली बसमध्ये पत्ते खेळत नसे. पूर्वी सामन्याची बातमी मोठ्याने वाचून वार्ताहराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, तो आता पेपरला हात लावत नव्हता. मागच्या सीटवर डोळे मिटून पडून राहायचा. बॅटही थंडावली होती. मन दुसऱ्या घरी गेलेल्या माणसाची हीच लक्षणं, असं वेंडेलने ठरवून टाकलं, आणि आपण असं ठरवतोय ह्याचा त्याला संतापही आला.

रविवारी सामन्याआधी त्याने पिचर ऑटला बाजूला घेतलं. चौथ्या डावात मी एकदा नुसता हात मांडीवर ठेवीन, एकही बोट दाखवणार नाही. तेव्हा तू सरळ चेंडू टाक आणि काही विचारू नकोस, असं त्याला सांगितलं. कॅचर खूण द्यायला विसरला तर डेल्मर खेळ थांबवायचा आणि चारचौघांत त्याची सालटी काढायचा. आजही त्याने तसं केलं तर तो आपलाच. मुकाट उभा राहून लिओला भलती खूण केली तर तो त्यांचा. वेंडेलला ह्या दोनच शक्यता दिसत होत्या.

चौथ्या डावात त्याने हात मांडीवर ठेवला. ऑटच्या खांद्यावरून त्याला डेल्मर दिसत होता, गुडघे वाकवून, हनुवटी पुढे काढून उभा. खेळ थांबला नाही. डेल्मरचा हात सावकाश पाठीमागे गेला. ऑटने सरळ चेंडू टाकला, बॅट्समनने तो हवेत मारला आणि लिओने उलटं पळत कसाबसा झेलला.

डाव संपताच लिओ धावतच बाकाशी आला.

"पंजा. सरळ चेंडूला उघडा पंजा. आता तरी चल फिंचकडे."

फिंच म्हणजे त्यांचा म्हातारा मॅनेजर. वेंडेल बसूनच राहिला. कॅपने वळणाऱ्या चेंडूची खूण दिली होती. पण कशावरून दिली? समोर तर काहीच नव्हतं. माणसाला खोटं सांगायचं झालं तरी आधी खरं दिसावं लागतं. कालचा मॅगनच्या हातातला तो जाड कागदही त्याच्या डोळ्यापुढे आला. हॉटेलात टेबलावर बसलेल्या माणसाच्या हातात दुसरं काय असणार? मेनूकार्ड. मॅगन त्याला जेवणाची नावं वाचून दाखवत होता.

"सामना संपेपर्यंत गप्प बस," तो लिओला म्हणाला.

"का?"

"मी सांगतो म्हणून."

लिओ बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

सहाव्या डावात, आपले लोक बॅटिंग करत असताना, वेंडेल पिंपापाशी गेला. डेल्मर पाणी पीत होता.

"लिओ काय म्हणतोय?" डेल्मरने विचारलं.

"तुझ्या खुणा चुकतात म्हणतो."

"आणि?"

"मुद्दाम चुकवतोस म्हणतो. मॅगनसाठी."

डेल्मरची बॅट हाताच्या अंतरावर टेकवलेली होती. वेंडेल नकळत अर्धं पाऊल मागे सरला. डेल्मरने मात्र हातातलं ओगराळं पिंपाच्या कडेला अडकवायला घेतलं; ते कडेला लागलं नाही, तेव्हा डाव्या हाताने कड चाचपून त्याने ते अडकवलं.

"म्हणू दे," तो म्हणाला.

"कॅप, मघाशी मी खूण दिलीच नव्हती."

मैदानात कोणीतरी चेंडू मारला, लोक ओरडले. डेल्मरने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सगळ्यावर साय धरल्यासारखं झालंय," तो खाली बघत म्हणाला. "उन्हात जरा तरी बरं असतं. डॉक्टर म्हणतो, चष्म्याने भागायचं नाही. फिंचला काही सांगणार असशील, तर लिओ म्हणतो तेच सांग."

"तसं सांगितलं तर तुला आयुष्यात कोणी मैदानावर पाऊल ठेवू देणार नाही."

"आणि हे सांगितलं तर देतील?" डेल्मर हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "चोर म्हटलं तर निदान खेळ संपला असं तरी कोणी म्हणणार नाही."

सातव्या डावात वेंडेल जागेवर बसायला गेला तेव्हा सूर्य गिरणीच्या धुराड्याआड गेला होता आणि अर्ध्या मैदानावर सावली पडली होती. त्याने बाजूच्या पांढऱ्या रेघेवर वाकून चिमूटभर फक्की उचलली, थुंकीने ओली केली आणि उजव्या हाताच्या नखांवर चोळली. मागे उभा पंच काहीतरी गुरगुरला. वेंडेलने बोटं मांडीच्या मध्ये धरली आणि डेल्मरकडे पाहिलं. डेल्मर क्षणभर ताठ उभा राहिला. मग त्याचा हात पाठीमागे गेला आणि लांबवर लिओ सरकला, बरोबर त्याच बाजूला. चेंडू तिकडेच आला आणि त्याने जागेवरून न धावता तो झेलला.

आठवाही डाव तसाच निघाला. ॲलरिज एका धावेने पुढे होतं. डेल्मर पूर्वीसारखा ओरडत होता, ऑटला त्याच्या आजीवरून शिव्या देत होता, आणि त्या शिव्या ऐकून सगळ्यांना हुरूप येत होता.

शेवटच्या, नवव्या डावात वॉर्टनचे दोन गडी धाव काढताना थांबायच्या बेसवर आले, एक पहिल्यावर आणि एक दुसऱ्यावर. दुसऱ्या बेसवरच्या माणसाला कॅचर अगदी समोर दिसतो, म्हणून अशा वेळी खुणा उलटसुलट करायच्या असतात. वेंडेलने केल्याही. पण इतकी लख्ख बोटं ज्याने नीट पाहिली, त्याला ते गणित सोडवायला कितीसा वेळ लागणार? बेसवरच्या माणसाने हळूच टोपीला हात लावला. बॅट्समन वळणाऱ्या चेंडूसाठी तयारच उभा होता. चेंडू भिंतीवर जाऊन आपटला, दोघेही धाव पुरी करून आले आणि वॉर्टन एका धावेने पुढे गेलं. ॲलरिजच्या शेवटच्या बॅटिंगमध्ये काहीच झालं नाही, आणि सामना गेला.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे बूट सोडत होते. फिंच वेंडेलसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने त्याचं मनगट धरून हात दिव्याकडे वळवला. नखं अजून पांढरी होती.

"हे कशाला?"

"चेंडू निसटत होता."

"नखांनी चेंडू धरतोस?"

वेंडेलने हात मागे ओढायला पाहिलं.

"मी सांगतो," लिओ म्हणाला. "मला म्हणाला गप्प बस. मग कॅपपाशी जाऊन कुजबुजला. आणि पुढच्याच डावात ह्याची बोटं अशी, की वॉर्टनच्या आंधळ्यालाही दिसावीत. बॉस, ह्याला विचारा, कोणासाठी लावलं ते."

फिंचने मनगट सोडलं. "विचारतोच आहे. कोणासाठी?"

वेंडेलने एकदाही डेल्मरच्या बाजूला पाहिलं नाही. तो पॅन्टला बोटं पुसत होता आणि फक्की निघत नव्हती.

"मग सोमवारी लीगच्या लोकांपुढे बोल," फिंच म्हणाला. "तिथेही असाच बसलास, तर पुन्हा कोणत्या मैदानावर दिसणार नाहीस."

"माझ्यासाठी लावलं," कोपऱ्यातून डेल्मर म्हणाला.

सगळ्या माना वळल्या. तो बाकावर बसून मोजे काढत होता.

"मला बोटं दिसत नाहीत, बॉस. जूनपासून. त्याला आज कळलं."

लिओ त्याच्या बाकापाशी आला.

"मग इतके दिवस तू मागे हात करून…"

"अंदाजाने," डेल्मर म्हणाला. "बरेचसे बरोबर आले, ते मोजले नाहीस."

तो खाली वाकून आपला दुसरा बूट शोधू लागला. बूट बाकापासून जरा लांब पडला होता आणि त्याचा हात फरशीवर भलतीकडेच फिरत होता. त्याच्यासमोर पुढे व्हायची कोणाला छाती होत नव्हती. शेवटी लिओने पायाने तो बूट अलगद त्याच्या हाताजवळ सरकवला.

डेल्मरचा हात थांबला.

"कप्तानाला बूट पायाने देतोस?" तो म्हणाला. "हाताने दे."

लिओ वाकला, बूट उचलला आणि त्याच्या हातात दिला.