उघड्या फायली आणि गप्प नवरा

आमच्या घरात प्रोग्रामर दोन, आणि एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नाही. माझा नवरा उघडेल ते कधी बंद करणार नाही. कपाटाचं दार, डब्याचं झाकण, काही म्हणून नाही. मी मागोमाग सगळं बंद करत फिरते. पूर्वी यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. पण मोठ्या आजारातून उठल्यापासून तो भांडेचना. काहीही म्हणा, "हो, बरोबर आहे तुझं." डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. डोंबल ठणठणीत! माझा भांडकुदळ नवरा कुठे गेला होता?

मग त्याला पाणीपुरवठ्याचं काम मिळालं, आजारानंतरचं पहिलंच. गावातल्या सगळ्या मीटरांच्या नोंदी एकाच लांबलचक फाईलमध्ये येतात. त्या ओळीओळीने वाचून ज्या त्या मीटरच्या वेगळ्या फाईलमध्ये टाकायच्या, संध्याकाळच्या आत. दुपारी बघते तर हा डोकं धरून बसलेला.

"मला नाही जमणार आता. कळवून टाकतो त्यांना."

हे काम सुटलं असतं तर त्याने पुन्हा कीबोर्डला हात लावला नसता.

"सरक," म्हटलं आणि त्याचा प्रोग्राम वाचला. सवय जाते कुठे! दिसेल त्या मीटरची फाईल उघडत सुटला होता, बंद एकही नाही. एवढ्या फायली उघड्या ठेवायला मशीनने साफ नकार दिला होता. मी माझ्या पद्धतीने केलं, एक ओळ लिहिली की फाईल बंद. आता प्रोग्राम बंद पडेना, पण पुढेही सरकेना. सारखं आपलं उघड, बंद, उघड, बंद.

"फारच रखडतंय का रे?"

"हो, बरोबर आहे तुझं."

असा राग आला मला! पण रागातच सुचलं. नोंदी गल्लीगल्लीने येतात, म्हणजे थोडा वेळ त्याच त्याच फायली लागतात. मग मोजक्याच उघड्या ठेवू, आणि नवी हवी असली की सगळ्यात जास्त वेळ हात न लागलेली बंद करू. प्रोग्राम सुसाट सुटला. मी मोठ्या तोऱ्यात त्याच्याकडे पाहिलं.

तो तयार झालेली एक फाईल बघत होता. एकदम ओरडला, "थांबव! अगं, काय करून ठेवलंस हे?"

"काय झालं?"

"बंद केलेली फाईल पुन्हा उघडतेस ती कोरी करून! आधीचं सगळं पुसलं जातंय. शेवटी भर घालायला उघड ना!"

"उघडायची ओळ तुझीच आहे!"

"मी एकदाच उघडत होतो, म्हणून चालत होतं! तुला नेहमी मेली घाई. ऊठ तिथून. आणि मधे बोलू नकोस!"

मी उठले. त्याने अर्धवट फायली उडवल्या, ती ओळ बदलली आणि पहिल्यापासून चालवलं. ऊन उतरायच्या आत काम रवाना झालं.

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला टॉवेल लावून रडत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

"जरा जोरात बोललो गं मघाशी. चुकलंच माझं."

"खबरदार माफी मागितलीस तर!" मी म्हटलं. "अजून बोल."