कडेचं बटण

तानाजी गुरव अझैब्यातल्या एका कंपनीत एसी दुरुस्त करायचा. तो ओमानला आला तेव्हा त्याची मुलगी आईच्या पोटात होती, आणि आता प्रियांका देवरुखला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. दर शुक्रवारी तो घरी फोन लावी. "जेवलात का, पप्पा?" ती विचारी. तो हो म्हणे, की फोन तिच्या आईच्या हातात जाई.

कंपनीने मोडीत काढलेला एक लॅपटॉप त्याला मिळाला. तो फार हळू चालतो म्हटल्यावर प्रियांकाने त्यात लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकायला सांगितलं. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या तौहीदने पेनड्राइव्ह करून दिला, लिनक्स बसलं, पण वायफाय काही लागेना. प्रियांका म्हणाली, मी लावून देते.

मग रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. तानाजीचं इंग्रजी बेताचंच. म्हणून टाइप करायच्या कमांडचं एकेक अक्षर ती गावाच्या नावाने सांगे: लांज्याचा एल, संगमेश्वरचा एस, पावसचा पी, चिपळूणचा सी. आयचं गाव काही सापडेना तेव्हा दोघं खूप हसले. पडद्यावर वायफायच्या कार्डाचं नाव उमटलं. ते त्याने वाचून दाखवलं, मग तिने ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, शोधला. पहिला चुकीचा निघाला. दुसरा फोनच्या वायरीवरून इंटरनेट घेऊन उतरवायचा होता, आणि तो उतरेपर्यंत बोलायला वेळच वेळ असे. तिची मैत्रीण पूर्वा स्कूटी शिकताना दगडी गडग्यावर जाऊन आपटली होती. प्रियांकाने वर्षभरापूर्वीच मासे खाणं सोडलं होतं. तानाजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ड्रायव्हर बसला, तरी वायफाय बंदच.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरची धूळ पुसताना त्याचं नख कडेच्या एका बारीक बटणात अडकलं. बटण सरकलं, दिवा लागला आणि आजूबाजूच्या वायफायची नावं भराभर पडद्यावर आली. त्याने आनंदाने फोन उचलला. नंबर लावता लावता थांबला. त्याने बटण पुन्हा मागे सरकवलं.

संध्याकाळी तिने नवी कमांड दिली आणि विचारलं, "हार्ड ब्लॉकपुढे काय लिहिलंय? यस की नो? यस असेल तर कुठलं तरी बटणच बंद आहे."

समोर यस होतं. "नो," तानाजी म्हणाला.

तिथून पुढे बारा दिवस ती शोधत राहिली आणि तो टाइप करत राहिला. एवढ्या वर्षांत त्याचे दिवस इतके चांगले कधी गेले नव्हते.

तेराव्या दिवशी त्याच्या बायकोचा, प्रभावतीचा फोन आला. प्रियांका जेवत नव्हती. पुण्याच्या एका कंपनीचे लोक मुलाखती घ्यायला कॉलेजात आले होते आणि ही गेलीच नाही. बापाचं एवढंसं काम जमत नाही, तिथे जाऊन काय सांगू, असं आईला म्हणून रडली होती.

तानाजीने लगेच प्रियांकाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बटणाचंही, नो म्हटल्याचंही.



"मी मास्तरांना विचारलं, पप्पा. अख्ख्या वर्गासमोर. ते म्हणाले, तुझ्या हातून काहीतरी चुकतंय."

"तू रोज बोलत होतीस, पोरी. म्हणून."

"नुसता फोन करायचा ना."

"नुसत्या फोनवर आपण काय बोलतो?"

ती अभ्यास आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

तो रोज संध्याकाळी फोन लावू लागला. ती उचलायची, नीट बोलायची, बरं आहे म्हणायची. कॉम्प्युटरचं काही विचारलं तर आता वायफाय आहे, नेटवर बघा, असं सांगायची. यात राग होता असं त्याला कुणी दाखवून देऊ शकलं नसतं. महिनाभराने त्याने रोजचे फोन बंद केले.

पुढच्या वर्षी तिला नोकरी लागली. ती बातमी त्याला प्रभावतीकडून कळली. लॅपटॉप त्याने तौहीदला देऊन टाकला होता. त्यावर तौहीद रोज संध्याकाळी आपल्या लहान मुलीला व्हिडिओ कॉल करी, आणि तेवढा वेळ तानाजी खोलीबाहेर जाऊन उभा राही.